चुन्याच्या जोरावर हायड्रोजन

थळच्या खत कारखान्यात अमोनियासाठी लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूतून काढतात. मिथेन आणि वाफ 800-900 अंश सेल्सिअसला निकेलच्या उत्प्रेरकावरून न्यायची, ही जगभरची रूढ रीत. या रीतीत किलोभर हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. (खत कारखान्यात त्यातला बराच युरियात जातो खरा, पण युरिया शेतात पडला की तो सुटतोच.)

इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाच्या ‘हायपर’ प्रकल्पाने 1.5 मेगावॉटच्या प्रायोगिक संयंत्रासाठी वेगळी वाट धरली. तिथे रिअॅक्टरमध्ये मिथेन आणि वाफेच्या सोबतीला कळीचा चुना असतो. मिथेन-वाफेची अभिक्रिया उलटही फिरते, त्यामुळे ती समतोलाला येऊन अडते. चुना मात्र तयार होणारा कार्बन डायऑक्साइड जागच्या जागी गिळतो आणि त्याची चुनखडी होते. एक उत्पादन असं सतत उचललं गेलं की अभिक्रियेला पुढेच सरकावं लागतं. मग 600-650 अंशांवरही पाण्याचा अंश वगळता 95 टक्क्यांहून शुद्ध हायड्रोजन मिळतो. उष्णतेचा मेळही सुरेख आहे : मिथेनला मोलमागे 165 किलोज्यूल लागतात, चुना 178 देतो.

फुकट मात्र काही नाही. चुनखडीचा पुन्हा चुना करायला दुसऱ्या पात्रात सुमारे 900 अंशांची आच द्यावी लागते. गावोगावच्या चुनाभट्टीत चालते तीच ही अभिक्रिया. फरक एवढाच की इथे सुटणारा वायू शुद्ध मिळायला लागतो. इंधन साध्या हवेत जाळून थेट आच दिली, तर त्यात नायट्रोजन मिसळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून ऑक्सिजनमध्ये जाळायचं, नाहीतर आच बाहेरून द्यायची. माझ्या मते या तंत्राचा खरा कस रिअॅक्टरमध्ये नाही, या भट्टीत लागतो.

त्यात चुना थकतो. किलोभर हायड्रोजनला किमान सात किलो चुना लागतो, तोही कणन् कण कामी आला तर. पण प्रत्येक भाजणीत त्याची छिद्रं बुजत जातात आणि शेकडो फेऱ्यांनंतर नैसर्गिक चुन्याची पकड सात-आठ टक्क्यांवर येते. म्हणून थोडा जुना काढून ताजा घालत राहावं लागतं. काढलेला चुना सिमेंटच्या भट्टीत खपू शकतो. तो आधीच भाजलेला असल्याने तिथे तेवढी चुनखडी फोडावी लागत नाही.