आधी पडझड, मग कलम

मुंबईची पालिका ज्या कायद्यावर चालते तो १८८८ सालचा आहे. बोरीबंदरसमोरची पालिकेची देखणी इमारत १८९३ मध्ये पूर्ण झाली. कायदा तिच्यापेक्षा पाच वर्षांनी थोरला. विधेयकाला आकार देण्यात फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. मेहतांचा पुतळा आज त्या इमारतीपुढे उभा आहे, आणि आत त्यांच्या काळातली कलमे अजून नोटिशींवर छापली जातात. अधेमधे दुरुस्त्या झाल्या, पोटकलमांना अ, ब अशी शेपटे फुटली, पण सांगाडा तोच राहिला.

सव्वाशेहून अधिक वर्षांचा हा पसारा मागे वळून पाहिला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. मुंबईकराच्या घराला, टाकीला, कचऱ्याला, आवाजाला लागू असलेले बरेचसे नियम कुणी शांतपणे बसून, पुढचा विचार करून केलेले नाहीत. आधी साथ आली, पूर आला, इमारत पडली, मग नियम आला. तो का आला हे काही वर्षांत लोक विसरले आणि हाती उरला फक्त दंडाचा आकडा. म्हणून कलमे पाठ करण्याऐवजी त्यांच्या जन्मकथा लक्षात ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

पहिली मोठी कथा प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. कायदा तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. ऑक्टोबरात आयुक्तांनी त्याच्याच आधारे जाहीरनामा काढून रोग्यांना सक्तीने वेगळे करण्याचे अधिकार घेतले. लोक बिथरले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. १२३ वर्षांनी करोनाच्या टाळेबंदीत आपल्या सोसायटीच्या फाटकावर बांबू बांधले गेले तेव्हा राज्याने त्याच कायद्याचा आधार घेतला होता.

प्लेगने दुसरी एक गोष्ट दिली, तिची आठवण आज फार थोड्यांना आहे. १८९८ मध्ये शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतल्या अंधाऱ्या खोल्या हेच रोगाचे घर, असे तेव्हा मानले जात होते. त्यातून पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला: खोलीसमोरची भिंत खोलीच्या तळापासून मोजलेल्या या कोनाच्या वर जाता कामा नये. साध्या भाषेत, समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. दादर-माटुंग्याच्या जुन्या आखणीत दुपारी खिडकीतून ऊन येते ते याच विचारामुळे. कोन आता गेला, पण उंचीच्या प्रमाणात मोकळी जागा सोडण्याचे तत्त्व विकास नियमावलीत टिकून आहे. ते प्रमाण मात्र दर वेळी बिल्डरांच्या सोयीने आक्रसत आले. पुनर्विकासाच्या नकाशावर सही करण्याआधी चटईक्षेत्राचा आकडा सगळे विचारतात. शेजारच्या टॉवरशी अंतर किती, हे विचारणारा सभासद विरळा.

प्लेगपाठोपाठ मलेरिया. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी अहवाल दिला की या शहरातला मलेरियाचा डास दलदलीत नाही, घराघरांतल्या विहिरींत वाढतो. पालिकेने विहिरी झाका किंवा बुजवा म्हणून सपाटा लावला. पारशी समाजासाठी काही विहिरी श्रद्धेच्या होत्या, त्यांनी विरोध केला. चर्चगेटजवळची भिखा बेहरामची विहीर टिकली, शेकडो बुजल्या. विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली आणि डासांनीही मुक्काम हलवला.

कीटकनाशक खात्याचा माणूस पावसाळ्याआधी सोसायटीत येतो आणि टाकीला घट्ट झाकण आहे का, वर चढायला शिडी आहे का, हे पाहतो. त्याच्या हातातली नोटीस कलम ३८१ ची असते. शिडीचा आग्रह पाहून सेक्रेटरी वैतागतात, पण शिडी नसेल तर टाकी तपासताच येत नाही. डेंग्यूच्या डासाने तर आणखी जवळ घर केले आहे: मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवर फेकलेले टायर. इथे जबाबदारी सोसायटीची नव्हे, ज्याच्या घरात साचलेले पाणी सापडले त्याची. हा एक नियम असा आहे की तो पाळण्यासाठी पैसा लागत नाही; आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकायचे, बस्स.

आता इमारतींकडे. इथे नियम दाट आहेत, कारण पडझडही इथेच सर्वांत जास्त झाली.

पहिल्या महायुद्धात भाडी भडकली म्हणून १९१८ मध्ये भाडेनियंत्रण आले. १९४७ च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू वाचला, मालकाने दुरुस्ती सोडली. चाळींचे सज्जे पडू लागले तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आणि उपकर आला. घर मिळवण्यासाठी मालकाच्या हातावर ठेवायची पागडी तोवर उघड गुपित होती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. हे सारे राज्याचे कायदे, पालिकेचे नव्हेत, पण त्यातली एक तरतूद घर भाड्याने देणाऱ्या-घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी: कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे आणि नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. तरीही मुंबईत नोंदणीचा खर्च बहुधा भाडेकरूच्याच गळ्यात पडतो, आणि तो निमूटपणे अर्धा तरी भरतो.

मग तारखांचा खेळ सुरू होतो. या शहरात घर अधिकृत की अनधिकृत हे विटांपेक्षा तारखांवर ठरते. पालिकेच्या भाषेत ‘डेटम लाइन’: निवासी बांधकाम १७ एप्रिल १९६४ पूर्वीचे आणि व्यापारी १ एप्रिल १९६२ पूर्वीचे असेल, तर ते ‘सहन’ केले जाते. मंजूर नव्हे, सहन! झोपडपट्टीसाठी वेगळ्या तारखा: आधी १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, पुढे सशुल्क पुनर्वसनासाठी २०११. म्हणून जुने वीजबिल, मतदारयादीचा उतारा, रेशनकार्ड हे कागद मुंबईतल्या कितीतरी कपाटांत दागिन्यांशेजारी असतात. कलम ३५१ ची नोटीस अनधिकृत बांधकामासाठी येते आणि तिला उत्तर म्हणून हेच कागद लागतात. उत्तराची मुदत नोटिशीतच लिहिलेली असते. तोंडी ‘साहेबांना भेटून आलो’ याला उत्तर म्हणत नाहीत. लेखी द्यावे आणि पोच घ्यावी.

घरातल्या दुरुस्तीबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. काहींना वाटते रंग लावायलाही परवानगी लागते, काहींना वाटते स्वतःच्या घरात काहीही पाडता येते. गिलावा, रंग, फरशी अशा किरकोळ दुरुस्तीला कलम ३४२ मध्ये सूट आहे. खांब, तुळई, भार पेलणारी भिंत यांना हात लावायला नाही. हा फरक किती महाग पडतो ते मुंबईने दोनदा पाहिले. सप्टेंबर २०१३ मध्ये माझगावच्या बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि ६१ माणसे गेली. ती इमारत पालिकेचीच होती आणि राहणारे पालिकेचेच कर्मचारी. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरची साईसिद्धी पडली, १७ जण गेले. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांचा ठपका तेव्हा ठेवला गेला.

कलम ३५३ ब नुसार ३० वर्षे उलटलेल्या इमारतीने नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यायची आणि प्रमाणपत्र पालिकेला द्यायचे. इमारत ‘सी-वन’ ठरली म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करण्याजोगी. त्यापुढे कलम ३५४ ची नोटीस. इथे रहिवाशांची भीती निराधार नाही. मालक किंवा बिल्डर आपल्या सोयीचा अहवाल आणतो, भाडेकरू आपला अहवाल आणतो, आणि वाद पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातो. घर सोडण्यापूर्वी किती चौरस फूट आपल्या ताब्यात आहे याची नोंद वॉर्ड ऑफिसकडून लेखी घेणे, हा यातला कळीचा मुद्दा. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, पण कागद नसेल तर तो हक्क सांगत बसावे लागते.

आगीचीही अशीच गोष्ट. राज्याचा अग्निप्रतिबंधक कायदा २००६ चा. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून दरवर्षी जानेवारी आणि जुलैत ‘फॉर्म बी’ द्यायचा, ही तरतूद त्यात आहे. २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ जण दगावले, तेव्हा कुठे हा फॉर्म सर्वसामान्यांच्या बोलण्यात आला. त्यानंतर काही महिने सोसायट्यांनी होजपाइप उघडून पाहिले. कित्येक ठिकाणी पितळी नोझल केव्हाच भंगारात गेले होते आणि जिन्याखालच्या जागेत सायकली आणि गाद्या ठासलेल्या होत्या.

आगीनंतर पूर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुंबलेल्या गटारांचे खापर प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर फुटले आणि २००६ मध्ये ५० मायक्रॉनखालच्या पिशव्यांवर राज्यात बंदी आली. ती विरली. मार्च २०१८ मध्ये नवी, कडक बंदी आली: पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पहिल्या आठवड्यांत भाजीवाल्या मावशी कागदात मिरच्या बांधून देत होत्या. आज कोणत्याही बाजारात जाऊन पाहा.

कचऱ्याच्या नियमाला देवनारच्या आगीचा धूर लागलेला आहे. १९२७ पासूनच्या त्या डम्पिंग ग्राउंडला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, शहर कित्येक दिवस धुरात राहिले आणि उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांना मनाई केली. पुढे २०१७ मध्ये पालिकेने सांगितले: २०,००० चौरस मीटरहून मोठी किंवा दिवसाला १०० किलोहून जास्त कचरा करणारी संकुले ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावतील. काही सोसायट्यांनी उत्तम खतखड्डे केले. काहींनी यंत्र आणले आणि त्यावर कापड घातले. लहान इमारतींना ओला-सुका वेगळा करणे एवढेच बंधन आहे, पण घंटागाडीत दोन्ही एकत्र पडताना पाहिले की लोकांचा उत्साह मावळतो, आणि यात दोष लोकांचा कमी आहे.

एखादे कलम किती काळ झोपून राहू शकते याचा नमुना म्हणजे २००६ चे स्वच्छता व आरोग्य उपविधी. रस्त्यावर थुंकले तर २०० रुपये, हे क्लीन-अप मार्शलच्या कृपेने सर्वांना ठाऊक आहे. त्याच यादीत नेमून दिलेल्या जागेखेरीज प्राणी-पक्ष्यांना खायला घालणे, दंड ५०० रुपये, हेही होते. कुणाच्या गावी नव्हते. २०२५ मध्ये उच्च न्यायालयात प्रकरण गेले, पालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री ओढली आणि ती फाडायला जमाव उतरला, तेव्हा ते जागे झाले. कबुतरांमुळे होणाऱ्या श्वसनविकारांबद्दल डॉक्टर आधीपासून बोलत होते. प्लेगच्या काळातल्या जाहीरनाम्याप्रमाणे इथेही आरोग्याची सक्ती आणि श्रद्धा समोरासमोर आल्या.

आवाजाचे नियम पालिकेचे नाहीत, केंद्राचे आहेत, २००० सालचे. तक्रार पोलिसांकडे, १०० वर किंवा ११२ वर. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येते. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. गणपती आणि नवरात्रात त्यातले बरेचसे संपतात.

घरपट्टीबद्दल थोडक्यात: २०१० पासून ती भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर, आणि २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफ. माफी निवासी घरालाच. त्याच जागेत दुकान किंवा क्लिनिक असेल तर नाही.

पाण्याबाबत एक दिलासा. डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने सांगितले की झोपडी अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणले. भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) नसलेल्या इमारतींनाही त्याखाली अर्ज करता येतो. जोडणी मिळाली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, हे पालिका स्पष्ट लिहून घेते. इथे मात्र नियम कुठल्या पडझडीमागून आला नाही, तर वस्त्यांमधल्या लोकांनी वर्षानुवर्षे वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवून तो आणवला.

आणि शेवटची नोंद १३ मे २०२४ ची. घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर वादळात जाहिरात फलक कोसळला, १७ जण गेले. फलकाची एक बाजूच १२० फुटांची होती. पालिकेची मर्यादा ४० फूट गुणिले ४० फूट. म्हणजे या खेपेला नियम आधीच होता. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, म्हणून पालिकेची परवानगी लागतच नाही असा युक्तिवाद झाला आणि फलक उभा राहिला. त्यानंतर शहरभरातल्या फलकांची मोजणी झाली, नव्या धोरणाचा मसुदा आला, हरकती-सूचना मागवल्या गेल्या. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली होती, कारभार प्रशासकाच्या हाती होता. हरकत सभागृहात मांडणारे कुणी नव्हते, ती रहिवाशांनीच लिहून धाडायची होती.