विजेची पाळी

परत आलेली वीज क्षणात पुन्हा गेली, की आपण बाहेरच्या तारांना दोष देतो. पुष्कळदा मात्र कारण आपल्याच भिंतींच्या आत असते.

विजेची मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. ती फिरू लागली म्हणजे तिच्यातच विरोधी विद्युत्दाब उत्पन्न होऊन प्रवाहाला आवर बसतो. थांबलेल्या मोटारीत तो आवर नसतो. समजा, एका लहान दवाखान्यात लसींचा फ्रीज, पाण्याचा पंप व आणखी दोन मोटारी आहेत, आणि प्रत्येक चालताना २ अँपिअर घेते. एकूण ८ अँपिअर झाले. १० अँपिअरच्या एमसीबीवर ते सुखाने चालतात. परंतु वीज येताच चारही एकदम उठल्या, तर सहापटीने ४८ अँपिअर होतात. ‘बी’ वर्गाचा एमसीबी ३० ते ५० अँपिअरच्या दरम्यान तत्काळ पडतो. लसी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावयाच्या असतात. रात्री तो पडला, तर सकाळपर्यंत कोणाला कळणारही नाही.

याच मोटारी एकेक करून सुरू केल्या, तर शेवटचीचे १२ व आधीच्या तिघींचे ६, असे १८ अँपिअरच होतात. तेही सेकंद-दोन सेकंद. एवढे एमसीबी सोसतो.

ही पाळी लावणारे साधन अवघड नाही. प्रत्येक सॉकेटच्या फेज तारेत एक रिले घालावा व त्याला कालविलंबाची जोड द्यावी: पहिल्याला पाच सेकंद, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंधरा. वीज जाताच सर्व रिले सुटले पाहिजेत आणि ती आल्यावर गणना शून्यापासून झाली पाहिजे. रिले मोटारीचा सुरुवातीचा प्रवाह सोसणारे हवेत. अर्थिंगची तार मात्र कोठेही न तुटता थेट न्यावी.

फ्रीज सर्वांत महत्त्वाचा, म्हणून त्याला पहिला मान द्यावा असे वाटेल. तसे करू नये. बंद पडलेल्या कॉम्प्रेसरमधील वायूचा दाब समतोल व्हावयास काही मिनिटे लागतात. त्याआधी वीज दिली तर मोटार अडून तापते. म्हणून त्याला शेवटी, तीन ते पाच मिनिटांनी, वीज द्यावी. दार बंद ठेवले तर तेवढ्यात लसींना धोका नाही.

या साधनाने तारांची ताकद वाढत नाही, म्हणून नवी यंत्रे त्यावर लादू नयेत. जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करवावी.