पेजेतलं मीठ

पावसाळ्यात जगबुडी नदीचं पाणी कोकणातल्या खेडच्या बाजारपेठेत शिरलं, की लोक पाणी उकळून प्यायला लागतात. तरीही घरात कुणाचं पोट बिघडलं, तर आजी चुलीवर तांदळाची पेज चढवते आणि तिच्यात मीठ घालायला विसरत नाही. ते मीठ चवीपुरतं नसतं. आतड्यात त्याचं काय होतं हे कळलं, की थक्क व्हायला होतं.

पेजेचा घोट घेतला की लाळ तिच्यातल्या पिष्टाच्या लांब साखळ्या तोडायला लागते. भात चावत राहिलं की गोडसर लागतो तो यामुळेच. जठरातल्या आम्लात हे काम थंडावतं आणि लहान आतड्याच्या तोंडाशी स्वादुपिंडाचा रस ते पुन्हा हाती घेतो. शेवटी उरतं ग्लुकोज.

आता पाण्याचा हिशेब बघा. दिवसाकाठी आपण साधारण दोन लिटर पाणी पोटात घेतो. लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून शरीर त्यात आणखी सात लिटर ओततं. या नऊ लिटरांतलं जेमतेम पेलाभर शौचावाटे जातं, बाकी सगळं आतडी परत शोषतात! पण त्यांना पाणी थेट ओढता येत नाही. ती मीठ ओढतात, पाणी मागून येतं.

लहान आतड्याचं अस्तर मखमलीसारखं असतं. तिथल्या पेशींवरचं एक प्रथिन सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू जोडीनेच आत घेतं. ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. पटकीत मीठ शोषण्याची दुसरी वाट बिघडते, ही मात्र शाबूत राहते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या साथीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं.

साखर जास्त झाली तर मात्र ती उलट शरीरातलंच पाणी आतड्यात खेचते, म्हणून जुलाबात गोड शीतपेयं नकोत. पिष्टाचा रेणू भलामोठा. तो पाणी खेचत नाही, आतड्याच्या भिंतीशी थोडं थोडं ग्लुकोज सोडत राहतो. पटकीच्या रुग्णांना तांदळाच्या पिठाचं मीठपाणी दिलं, तेव्हा त्यांचे जुलाब ग्लुकोजच्या पाण्यापेक्षा कमी झाले.

पेजेत मीठ अंदाजाने पडतं, पोटॅशियमही पुरेसं नसतं. म्हणून जुलाब थांबेनात, तर पेजेच्या जोडीला ओआरएसचं पाकीट हवंच, आणि लहान मूल असेल तर दवाखाना लगेच गाठायचा.