शतकाचा पाऊस आणि गोदामाचे जोते

धान्याच्या व्यापाऱ्यास पाऊस दोन ठिकाणी भेटतो. एकदा शेतात आणि एकदा गोदामात. शेतातल्या पावसाविषयी आपण सर्व बंधू बारमाही बोलत असतो. गोदामातल्या पावसाविषयी मात्र तो येऊन गेल्यावाचून कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेखकास तो दोन वेळा भेटला, आणि दुसऱ्या खेपेस पावसाने जितके नुकसान केले तितकेच एका चुकीच्या समजुतीने केले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घराणे चार पिढ्या हैदराबादेस आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीस आलेल्या महापुराची कथा आजीने आपल्या सासूकडून ऐकली होती व आम्ही ती आजीकडून ऐकली. अफझलगंजच्या बाजूस एका चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली. हजारो वाहून गेली. पुढे विश्वेश्वरय्यांच्या योजनेनुसार मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि तिची उपनदी ईसा हिजवर हिमायतसागर (१९२७) बांधला गेला, आणि शतकाचे संकट येऊन गेले, आता चिंता नाही, असा समज घरोघर रूढ झाला.

२४ ऑगस्ट २००० रोजी बेगमपेठच्या वेधशाळेत २४ सें.मी. पाऊस नोंदला गेला. शहराच्या दक्षिणेस, एका जुन्या तलावाच्या खालच्या अंगास आमचे गोदाम आहे. तेथे थप्पीची खालची ओळ भिजली. एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले, "शेटजी, असा पाऊस शंभर वर्षांतून एकदा." मी लागलीच हिशेब मांडला : १९०८ ते २००० म्हणजे ९२ वर्षे. गणित बरोबर जुळले! आता पुढचा पाऊस नातवाच्या नातवाने पाहावा. जोते नावापुरते फूटभर उचलले आणि काही वर्षांनी विम्यातील पुराच्या कलमाचा जादा हप्ताही भरावयाचा थांबविला. व्यापाऱ्यास काटकसर हा गुणच वाटतो.

१३ ऑक्टोबर २०२० रोजी बंगालच्या उपसागरावरील न्यून दाबाचे तीव्र क्षेत्र काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणावर आले. शहरातील तलावांचे बांध फुटले, त्यांत आमच्या वरचाही होता. तूर व हरभरा मिळून तीनशे पोती पाण्यात बसली. चौथ्या दिवशी हरभऱ्यास कोंब दिसू लागले. मुसीवरील धरणे नदीचे पाणी अडवितात. शहराच्या डोक्यावर पडलेला पाऊस ती कोठून अडविणार?

माझा पुतण्या स्थापत्यशास्त्र शिकलेला आहे. तो म्हणाला, "काका, शंभर वर्षांतून एकदा ही पाळी नाही, सोडत आहे. दरसाल शंभर चिठ्ठ्यांतून एक काढावयाची, आणि काढलेली चिठ्ठी पुन्हा भांड्यात टाकावयाची. यंदा निघाली म्हणून पुढच्या वर्षी निघणार नाही असे नाही." त्याच्या आकडेमोडीप्रमाणे असा पाऊस तीस वर्षांत एकदा तरी येण्याचा संभव शंभरात सव्वीस आहे, उलट पूर्ण शंभर वर्षांतही तो मुळीच न येण्याचा संभव शंभरात सदतीस. दहा दूरदूरच्या गावांत दहा गोदामे असतील, तर त्यांपैकी कोठे तरी त्याच वर्षी शतकाचा पाऊस होण्याचा संभव दहात जवळजवळ एक. वर्तमानपत्रांत दरसाल कुठला ना कुठला विक्रम मोडल्याचे आपण वाचतो, त्याचे नवल मला तेव्हापासून वाटेनासे झाले.

हा 'शंभर' आकडा येतो कोठून, हे आपल्यासारख्यांस सहज समजावे असे आहे. रोजच्या नोंदींतून प्रत्येक वर्षाचा सर्वांत मोठ्या पावसाचा एकच दिवस निवडतात व ते दिवस उतरत्या क्रमाने मांडतात. पन्नास वर्षांच्या खतावणीत पहिल्या क्रमांकाच्या पावसाची आवृत्ती एक्कावन वर्षांची मानतात, दुसऱ्याची साडेपंचवीस. पन्नास वर्षांच्या नोंदीवरून शंभर वर्षांचे बोलावयाचे झाल्यास कागदावरील वक्ररेषा पुढे ओढावी लागते. ती कशी ओढावी याची एक सर्वत्र रूढ झालेली रीत एमिल गुम्बेल या जर्मन गणितज्ञाच्या नावे ओळखली जाते. त्याचा ग्रंथ १९५८ सालचा. (या गृहस्थास राजकीय मतांपायी १९३२ साली हायडेलबर्ग विद्यापीठ सोडावे लागले होते.)

उष्ण कटिबंधात ही रेषा फसते, ती मुख्यतः दोन मालांची भेसळ असल्यामुळे. नित्याच्या मोसमी सरी हा एक माल आणि समुद्रावरून येणारी वादळे हा दुसरा. वादळ दरसाल येत नाही. पण येते तेव्हा मागील सर्व नोंदी लहान करून टाकते. हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावर जानेवारी १९६६ मध्ये एका वादळात चोवीस तासांत १८२५ मि.मी. पाऊस पडला, हैदराबादेस दोन वर्षांतही इतका पडत नाही.

शिवाय माप कोठे ठेवले आहे, हाही प्रश्न आहेच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मि.मी. आणि त्याच शहरात कुलाब्यास अवघे ७३. २०२० सालीही बेगमपेठेस सुमारे १९ सें.मी., तर घटकेसरच्या बाजूस ३० हून अधिक. बेगमपेठेची नोंद २००० सालाहून कमी असूनही आमचे गोदाम अधिक बुडाले. पावसाचा दिवस सकाळी साडेआठास बंद होतो, ही आणखी एक गंमत. पहाटे सुरू होऊन दुपारपर्यंत कोसळलेला पाऊस दोन तारखांस विभागून पडतो, जणू एकच सौदा रोजकीर्दीच्या दोन पानांवर. म्हणून जाणते लोक एकदिवसीय आकड्यात शेकडा तेरा-पंधरा भर घालतात.

आणि जुनी खतावणी आता पुरती विश्वासार्हही राहिलेली नाही. संशोधकांनी २००६ साली १९५१ ते २००० या काळातील नोंदी तपासून मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढत असल्याचे दाखविले. हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरण्याची शक्ती शेकडा सातांनी वाढते. म्हणजे भांड्यातील चिठ्ठ्याच कोणी हळूहळू बदलीत आहे.

गोदामाचे जोते आता साडेतीन फुटांवर नेले आहे. डाळी वरच्या मजल्यावर जातात, खाली फळ्यांवर केवळ जोंधळा. पुराच्या कलमाचा हप्ता पुन्हा सुरू केला. तो पूर्वीपेक्षा बराच महाग पडला. पुतण्या म्हणतो, चार फूट हवे होते. खर्चाचा आकडा पाहून मी साडेतीनावर थांबलो. माझे बरोबर की त्याचे, हे पावसावाचून कोण ठरविणार! २०२१ पासून आमचे मुनीमजी खतावणीच्या शेवटच्या पानावर त्या वर्षीच्या सर्वांत मोठ्या पावसाचा आकडा लिहून ठेवतात. त्या पानावर अद्याप हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच ओळी आहेत.