तिथी, तिकीट आणि गर्दी : तिवसा परिसरातील उपस्थितीच्या मापनाचा प्रश्न

पर्यटनस्थळास भेट देणाऱ्यांची संख्या वाढली की घटली, हा प्रश्न वरकरणी सोपा आहे. तिवसा तालुक्यात तो तसा राहत नाही. गुरुकुंज मोझरी व कौंडण्यपूर या येथील दोन प्रमुख स्थळांची सर्वाधिक गर्दी इंग्रजी महिन्यावर नव्हे, तर तिथीवर अवलंबून असते. आणि ही गर्दी तिकीट काढून आत येत नाही.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे महानिर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. पुण्यतिथी मात्र आश्विन वद्य पंचमीस पाळली जाते. २०२२ मध्ये ती ऑक्टोबरच्या मध्यास आली. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे नोव्हेंबरच्या आरंभी. केवळ ऑक्टोबरचे आकडे शेजारी मांडणाऱ्या अभ्यासकास मोझरीची गर्दी एका वर्षात ओसरल्याचे दिसेल. सरकलेले असते ते पंचांग. कौंडण्यपूरची कार्तिक पौर्णिमा २०२२ मध्ये ८, तर २०२३ मध्ये २७ नोव्हेंबरला होती. महिना एकच असल्याने तेथे हा दोष लपून राहतो.

मेळघाटातील अडचण उलट आहे. तेथील सफारीच्या वाहनांची संख्या मर्यादित असते. त्यामुळे मागणी कितीही वाढली तरी नोंद एका पातळीवर थांबते, आणि परत गेलेला पर्यटक कोणत्याच रकान्यात येत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार मुक्काम करणारा तोच पर्यटक. सकाळी येऊन सायंकाळी परतणारा सहलकर्ता वेगळा. मोझरीचे असंख्य गुरुदेवभक्त या दुसऱ्या वर्गातील असल्याने निवासगृहांच्या नोंदवहीत त्यांचा मागमूस नसतो. पाणी, स्वच्छतागृहे व जादा गाड्यांचे नियोजन मात्र त्यांच्याच संख्येवर व्हावयास हवे. (आपल्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवालही ‘लाखो भाविक’ या शब्दांवरच थांबतात, हे मान्य केले पाहिजे.)

यावर एक उपाय मोझरीतच आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात हर्बर्ट जेकब्ज यांनी मैदानाचे चौकोन पाडून, प्रत्येकातील माणसांच्या दाटीवरून जमावाचा अंदाज घेण्याची पद्धत रूढ केली. हलता जमाव तीत चकवतो. पुण्यतिथीस सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजलीसाठी सारा जनसमुदाय स्तब्ध होतो, आणि छायाचित्रापुरता उजेडही असतो. अर्थात, ही मोजणी त्या एका क्षणाची; सप्ताहभरात येऊन गेलेल्यांसाठी एस.टी.ची तिकिटे आणि वाहनतळावरील वाहनेच मोजावी लागतील.