नकाशा मेंदूचा, सराव मनाचा

मेंदूतील चेतापेशी विद्युत-रासायनिक संदेशांच्या साहाय्याने परस्परांशी व्यवहार करतात आणि अशा असंख्य पेशी एकाच तालात सक्रिय झाल्या, की त्यांच्या एकत्रित विद्युतदाबातील चढउतार कवटी ओलांडून डोक्याच्या त्वचेपर्यंत पोचतात. हे चढउतार अत्यंत क्षीण असतात. व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाला मायक्रोव्होल्ट म्हणतात आणि त्वचेवर मिळणारा संदेश बहुधा काही दशक मायक्रोव्होल्टांचाच असतो. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली माणसाच्या मेंदूचा असा विद्युत आलेख (ईईजी) प्रथम नोंदवला आणि पुरेशी खातरजमा झाल्यावर १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या व्यक्तीच्या आलेखात सेकंदाला साधारण दहा आवर्तनांची एक ठळक लय दिसते आणि डोळे उघडताच किंवा मनातल्या मनात हिशेब सुरू करताच ती मावळते, असे बर्गरला आढळले. या लयीलाच त्याने ‘अल्फा’ हे नाव दिले. मनाच्या अवस्थेनुसार आलेख बदलतो, हे यातून दिसले, आणि मग आलेख समोर ठेवून माणसाला स्वतःच्या मनाची अवस्था बदलता येईल का, हा प्रश्न उभा राहणे स्वाभाविकच होते. न्यूरोफीडबॅक नावाने आज ओळखली जाणारी पद्धत याच प्रश्नातून पुढे आली.

मेंदूलहरींची वर्गवारी त्यांच्या वारंवारितेवरून, म्हणजे एका सेकंदात किती आवर्तने होतात यावरून केली जाते आणि ती हर्ट्झ या एककात सांगतात. ४ हर्ट्झपेक्षा संथ अशा डेल्टा लहरी गाढ झोपेत प्रबळ असतात, ४ ते ८ हर्ट्झच्या थीटा लहरी पेंग येताना व लहान वयात अधिक दिसतात, ८ ते १३ हर्ट्झपर्यंत अल्फा आणि त्यापुढे सुमारे ३० हर्ट्झपर्यंत बीटा मानल्या जातात. लोकप्रिय लेखनात मात्र या वर्गवारीचे फार सोपे अर्थ लावले जातात; थीटा म्हणजे मरगळ, अल्फा म्हणजे शांती आणि बीटा म्हणजे एकाग्रता, अशी जणू कोष्टके पाठ केली जातात. कठीण आकडेमोड चालू असताना कपाळाच्या मध्यरेषेजवळ थीटा लहरी वाढतात, हे लक्षात घेतले की ही कोष्टके टिकत नाहीत. तीच लहर एका ठिकाणी गुंगीचे लक्षण असते, तर दुसऱ्या ठिकाणी गाढ एकाग्रतेचे. म्हणून किती लहर याच्या जोडीने कुठे आणि कोणत्या वेळी, हेही पाहावे लागते. मेंदूचा नकाशा काढण्याची गरज येथे निर्माण होते.

या संदर्भात ‘ब्रेन मॅपिंग’ हा शब्द मराठी वाचकाला बहुधा गुन्हेगारीच्या बातम्यांतून परिचित झालेला असतो. नार्को चाचणीच्या जोडीने ज्या ब्रेन मॅपिंगचा उल्लेख होतो आणि जी चाचणी संमतीविना करता येणार नाही असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात दिला, तिचा येथील विषयाशी संबंध नाही. तिच्यात संशयितापुढे ठेवलेल्या शब्दांना किंवा चित्रांना मेंदू कसा प्रतिसाद देतो हे पाहिले जाते. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील नकाशा व्यक्ती विश्रांत बसलेली असताना काढला जातो; त्याला संख्यात्मक ईईजी किंवा क्यूईईजी म्हणतात. त्यातून कोणाच्या मनातील विचार वाचता येत नाहीत, हेही स्पष्ट केलेले बरे.

नकाशा काढण्याची प्रक्रिया वरवर साधी दिसते. नाकाचे मूळ आणि डोक्यामागचा हाडाचा उंचवटा यांमधील अंतर टेपने मोजून त्याचे दहा व वीस टक्क्यांचे भाग पाडले जातात आणि त्या प्रमाणात इलेक्ट्रोडच्या जागा ठरतात. हर्बर्ट जॅस्पर यांच्या नावाशी जोडलेली, १९५८ साली प्रसिद्ध झालेली ही ‘दहा-वीस पद्धत’ आजही जगभर वापरली जाते. कापडी टोपीत बसवलेल्या १९ इलेक्ट्रोडांखाली केस बाजूला सारून जेल भरले जाते, कानाच्या पाळ्यांना संदर्भासाठी चिमटे लावले जातात, आणि मग काही मिनिटे डोळे मिटून व काही मिनिटे डोळे उघडे ठेवून नोंद घेतली जाते. खरी कसोटी त्यानंतर लागते. पापणीच्या एका फडफडीने उमटणारा विद्युत धक्का मेंदूच्या मूळ संदेशाच्या कितीतरी पट मोठा असतो आणि तो कपाळाजवळच्या संथ लहरींसारखा दिसतो. दात आवळले की कानशिलाजवळ बीटा वाढल्याचा भास होतो. घाम, मान वळवणे आणि भिंतीतील वीजवाहिनीचे ५० हर्ट्झ हे सारे आलेखात मिसळते. प्रशिक्षित डोळ्यांनी हा गाळ सेकंदासेकंदाने उपसल्याशिवाय पुढची गणिते केली, तर रंगीत नकाशा हाती येतो खरा, पण तो मेंदूचा नसून पापण्यांचा आणि जबड्याच्या स्नायूंचा असतो. अहवालातील लालनिळ्या वर्तुळांनी भारावून जाणाऱ्या कुटुंबीयांनी मूळ आलेख कोणी व किती काळजीपूर्वक तपासला, हे आवर्जून विचारावे, असे म्हणावेसे वाटते ते यामुळेच.

शुद्ध केलेल्या नोंदीतून प्रत्येक ठिकाणी प्रत्येक लहरीची ताकद किती, याचे गणित संगणक करतो आणि त्याच वयाच्या निरोगी व्यक्तींच्या साठवलेल्या नोंदींशी ते ताडून पाहतो. न्यूयॉर्क विद्यापीठातील ई. रॉय जॉन यांनी १९७०च्या दशकात ‘न्यूरोमेट्रिक्स’ या नावाने या तुलनेचा पाया घातला. अंगणवाडीत बाळाचे वजन वाढीच्या तक्त्यावर मांडून ते सरासरीपासून किती वर वा खाली आहे हे जसे पाहतात, तशीच ही रीत आहे. फरक किती ‘प्रमाण विचलनां’चा आहे हे सांगणाऱ्या आकड्याला झेड-गुणांक म्हणतात. सरासरीपासून दूर असणे म्हणजे आजार असणे नव्हे, हे मात्र येथे विसरून चालत नाही. एकोणीस ठिकाणी, अनेक लहरींसाठी, दोन अवस्थांत शेकडो तुलना केल्या, की संपूर्ण निरोगी माणसाच्याही काही आकड्यांना केवळ योगायोगाने लाल रंग चढतो.

न्यूरोफीडबॅकचा इतिहास याला समांतर घडला. शिकागो विद्यापीठात जो कामिया यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात डोळे मिटून बसलेल्या व्यक्तींना घंटा वाजताच आपल्या मेंदूत अल्फा लय चालू आहे की नाही याचा अंदाज करायला सांगितले. प्रत्येक उत्तर बरोबर की चूक एवढेच कळत गेल्यावर अनेकांचे अंदाज अचूक होऊ लागले आणि काहींना ती लय इच्छेनुसार आणताही येऊ लागली. कॅलिफोर्नियात बॅरी स्टरमन यांनी मांजरांना खाऊचे बक्षीस देऊन १२ ते १५ हर्ट्झची, शरीर निश्चल पण मन सावध असताना उमटणारी ‘सेन्सरीमोटर लय’ वाढवायला शिकवले. पुढे अग्निबाणाच्या इंधनातील एका विषारी रसायनाचा अभ्यास त्याच प्रयोगशाळेत आला, तेव्हा सरावलेल्या मांजरांना झटके येण्यास इतरांपेक्षा बराच उशीर लागला, असे अनपेक्षितपणे दिसले. मांजरांना उपचाराबद्दल काही अपेक्षा असणे शक्य नव्हते, म्हणून या निरीक्षणाचे मोल आजही मोठे वाटते. १९७२ मध्ये स्टरमन यांनी अपस्माराच्या एका रुग्णावरील प्रशिक्षणाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि १९७६ मध्ये टेनेसी विद्यापीठातील जोएल लुबार यांनी एका अतिचंचल मुलासाठी ही पद्धत वापरून पाहिल्याचा वृत्तांत दिला. या साऱ्यांमागचे तत्त्व मानसशास्त्रात ‘साधक अभिसंधान’ म्हणून ओळखले जाते. ज्या वर्तनाला तत्काळ बक्षीस मिळते ते वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, एवढाच त्याचा आशय.

आजच्या प्रशिक्षण-सत्रात डोक्यावर एक-दोन इलेक्ट्रोड लावलेली व्यक्ती पडद्यावरचा चित्रपट किंवा खेळ पाहत असते. ठरवलेली लहर ठरवलेल्या मर्यादेच्या वर किंवा खाली गेली की चित्र उजळते वा आवाज येतो आणि तसे न झाल्यास चित्र मंदावते. मेंदूत वीज सोडली जात नाही, फक्त मोजली जाते. सत्र साधारण अर्ध्या तासाचे असते, आठवड्यातून दोन-तीन वेळा घेतले जाते आणि अशी तीस-चाळीस सत्रे सुचवली जातात. इलेक्ट्रोड कुठे लावायचा, कोणती लहर वाढवायची वा घटवायची आणि बक्षिसाची मर्यादा किती ठेवायची, हे तीन निर्णय प्रशिक्षकाला घ्यावे लागतात आणि त्यांसाठी नकाशाचा आधार घेतला जातो. वर्गात लक्ष न लागणारी दोन मुले घेतली, तर एकाच्या नकाशात माथ्याच्या मध्यभागी थीटा जास्त व बीटा कमी दिसू शकते, तर दुसऱ्याच्या नकाशात कपाळाजवळ बीटाचीच रेलचेल आढळू शकते. सरसकट बीटा वाढवण्याचा सराव दुसऱ्या मुलाला देण्यात अर्थ नाही, हे नकाशावाचून कळणार नाही. चिंता किंवा निद्रानाश असलेल्या प्रौढांच्या बाबतीतही जलद लहरी कुठे वाढल्या आहेत हे पाहून ध्येय ठरवले जाते.

नकाशाचा याहूनही निःसंशय उपयोग प्रशिक्षण लांबणीवर टाकण्यासाठी होतो, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. मूळ आलेखात अपस्मारासारख्या टोकदार लहरी दिसल्या, तर त्या व्यक्तीला आधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवायला हवे. झोपेच्या काही गोळ्यांमुळे बीटा वाढते, म्हणून औषधांची यादी पाहिल्याशिवाय ‘अतिसक्रिय मेंदू’ असा शेरा मारणे धोक्याचे ठरते. रात्री उशिरापर्यंत जागलेले मूल नोंदीच्या वेळी पेंगत असेल, तर थीटा वाढलेलीच दिसणार. त्या मुलाला न्यूरोफीडबॅकपेक्षा झोपेची गरज असते.

असे असले तरी नकाशाने सुचवलेला सराव परिणामकारक ठरतो का, हा प्रश्न स्वतंत्रपणे तपासावा लागतो, आणि येथे उत्साहाला आवर घालणारे पुरावे समोर आले आहेत. अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, असलेल्या ७ ते १० वर्षे वयाच्या १४४ मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दुहेरी अंध चाचणीत मुद्दाम थीटा-बीटा गुणोत्तर जास्त असलेलीच मुले निवडली होती. म्हणजे ज्यांना हा सराव द्यावा असे नकाशाने सांगितले असते तीच. दुहेरी अंध याचा अर्थ खरा सराव कोणाला व बनावट कोणाला, हे मुलांना, पालकांना आणि मूल्यमापन करणाऱ्यांना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतील मुलांचे लक्ष बरेच सुधारले आणि गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. २०२४च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ३८ चाचण्यांतील २,४७२ व्यक्तींची माहिती तपासली गेली. गट म्हणून पाहता एडीएचडीच्या लक्षणांत अर्थपूर्ण लाभ दिसला नाही. निद्रानाशावर ऑस्ट्रियात झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही खऱ्या आणि बनावट सरावाने रुग्णांना सारखेच बरे वाटले. मानसिक आघातानंतरच्या त्रासावर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५२ जणांच्या चाचणीत मात्र २४ सत्रांनंतर आशादायक परिणाम दिसले, परंतु तेथे तुलना बनावट सरावाशी नव्हती, प्रतीक्षा यादीतील व्यक्तींशी होती.

या निष्कर्षांवरून न्यूरोफीडबॅकने कोणालाच बरे वाटत नाही असे ठरत नाही. मुले दोन्ही गटांत सुधारली, ही गोष्ट क्षुल्लक नाही. आठवड्यातून ठरलेल्या वेळी शांत बसणे, एका प्रौढाचे संपूर्ण लक्ष मिळणे, छोट्या यशाबद्दल लगेच शाबासकी मिळणे आणि घरात आशा जागी होणे, यांतले बरेच काही त्या मुलांच्या वाट्याला आले असणार. आक्षेप घ्यावा लागतो तो हा लाभ विशिष्ट लहर बदलल्यामुळेच झाला असे ठामपणे सांगून त्यासाठी मोठी किंमत मोजायला लावण्याला. निदानाच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये थीटा-बीटा मोजणाऱ्या एका उपकरणाला डॉक्टरांच्या तपासणीला पूरक म्हणून परवानगी दिली, पण तेथीलच मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये, प्रचलित तपासणीऐवजी या मोजमापावर विसंबू नये, असा सल्ला दिला. मुलाच्या शिक्षकांशी न बोलता, घरातील परिस्थिती न विचारता, केवळ नकाशा पाहून एडीएचडीचे निदान सांगितले जात असेल, तर ते स्वीकारू नये.

भारतात मनाचा सराव आणि शरीराची मोजमापे यांचा संबंध जुना आहे. बर्गरने पहिली नोंद घेतली त्याच १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. १९६१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद आणि सहकाऱ्यांनी योग्यांचे ईईजी प्रसिद्ध केले. ध्यानावस्थेत प्रखर प्रकाश, मोठा आवाज किंवा तप्त काचनळीचा स्पर्श यांनीही अल्फा लय खंडित होत नव्हती, आणि दोन योग्यांनी बर्फासारख्या गार पाण्यात सुमारे पाऊण तास हात ठेवला तेव्हाही ती टिकून राहिली. यंत्राच्या मदतीवाचून केलेल्या सरावानेही आलेख बदलतो, याचा हा पुरावा होता, आणि प्राणायाम-ध्यानाचा पर्याय घरच्या घरी उपलब्ध असणाऱ्यांनी तो विसरू नये. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत अपघाताने मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनासाठी न्यूरोफीडबॅकचा अभ्यास झाला आहे. तेथे हा सराव एका व्यापक उपचारयोजनेचा भाग म्हणून पाहिला जातो. मानसोपचारतज्ज्ञाने दिलेली औषधे बंद करून केवळ सत्रांवर भिस्त ठेवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो घातक ठरू शकतो.

प्रशिक्षण घ्यायचे ठरवलेच, तर सुरुवातीलाच ध्येय दैनंदिन भाषेत लिहून ठेवावे लागते: झोप लागायला किती वेळ जातो, गृहपाठाला मूल सलग किती वेळ बसते, शिक्षकांचे म्हणणे काय आहे. ठरावीक सत्रांनंतर काढायचा दुसरा नकाशा पहिल्यासारख्याच परिस्थितीत, त्याच सुमारास, तेवढ्याच झोपेनंतर, चहा-कॉफी न घेता आणि औषधांत फेरबदल झाला असल्यास तशी नोंद करून काढावा लागतो. अन्यथा दोन नकाशांतील फरक सरावाचा की जागरणाचा, हे ओळखता येत नाही. नकाशातील रंग निवळले पण झोप आणि अभ्यास जैसे थे राहिले, तर उरलेली सत्रे थांबवून मूळ निदानाकडे परतावे, आणि रंग तसेच राहूनही मूल शांत झोपू लागले असेल, तर नकाशा दुरुस्त करण्यासाठी आणखी सत्रे विकत घेण्याचे कारण उरत नाही.