फ्रेंच भागीदार, मालवणी विनोद : सहनिर्मिती म्हणजे नेमकं काय?

सिंधुदुर्गातलं आरोंदा गोव्याच्या वेशीवर आहे. तेरेखोल नदी ओलांडली की गोवा. तिथेच पणजीत २००७ पासून ‘फिल्म बाजार’ भरतो आणि निर्माते परदेशी भागीदार शोधतात.

सहनिर्मिती म्हणजे काय?
दोन देशांचे निर्माते खर्च, जोखीम, हक्क आणि नफा वाटून घेतात. भारत-फ्रान्समध्ये चित्रपटांसाठी असा करार आहे. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्ये फ्रेंच निर्माते भागीदार होते. रत्नागिरीतही चित्रीकरण झालेल्या या चित्रपटाला २०२४ मध्ये कानचा ‘ग्रां प्री’ मिळाला.

मग विनोदी मालिकांचं काय?
इथे अडचण भाषेची. मालवणी टोमणा फ्रेंच सबटायटलमध्ये विरून जातो. म्हणून अनेकदा फक्त साचा, म्हणजे ‘फॉरमॅट’ विकला जातो. फ्रेंच ‘दी पूर सां’वरून नेटफ्लिक्सवर २०२१ मध्ये ‘कॉल माय एजंट : बॉलीवूड’ आली ती अशीच.

फरक कुठे पडतो?
फॉरमॅट विकला तर ठरलेली रक्कम मिळते, पण नवी मालिका दुसऱ्याची होते. सहनिर्मितीत मालकी दोघांची, तोटाही दोघांचा. म्हणून छोट्या निर्मात्याने सही करण्याआधी एवढं नक्की विचारावं : पुढच्या सीझनचे आणि रिमेकचे हक्क कोणाकडे?